बरण्यांची भूक

सोमवार, ३ तारीख

आजपासून ही वही माझी. नातीनं आणून दिली. म्हणाली, आजी, दिवसभर तू माझ्याशीच बोलत राहिलीस तर माझं काम व्हायचं कधी, थोडं वहीलाही सांगत जा. मी म्हटलं, वही काय हुंकार देणार आहे? तर म्हणते, मी तरी कुठे देते? तेही खरंच. तोंडात पेन्सिल धरून नुसतं हं हं करते.

शाळा माझी तिसरीपर्यंत. त्यातला अर्धा वेळ धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दाराशी उभी. पण अक्षर माझं तिच्यापेक्षा बरं आहे, हे तीच कबूल करते. तिचं अक्षर म्हणजे साखरेचा डबा सांडल्यावर मुंग्यांची जी पळापळ होते ती.

तिला मी भिंगरी म्हणते. लहानपणी एका जागी म्हणून ठरायची नाही. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली, बापानं दुसरीकडे संसार थाटला, आणि पोर माझ्या पदराला धरून मोठी झाली. आता संस्थेत संशोधन करते. कसलं, तर खरकट्यातून वीज काढायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोट धरून हसले होते. मग तिनं मला मागच्या खोलीत नेऊन एवढुसा लाल दिवा दाखवला, मोहरीहून जरासा मोठा, आणि म्हणाली, आजी, हा कालच्या बटाट्यांच्या सालांवर जळतोय. माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यभर मी सालं फेकली! किती उजेड वाया घालवला असेल देव जाणे.

आता मुद्द्याचं लिहिते, नाहीतर पान संपेल. या महिन्याच्या अठ्ठावीसला तिच्या मॅडम घरी येणार आहेत. ही वीज प्रयोगशाळेत नाही तर साध्या चार भिंतींच्या घरात निघते, हे भिंगरीला दाखवायचंय, म्हणून सगळी मांडणी आमच्याच मागच्या खोलीत. मॅडम आल्यापासून जाईपर्यंत दिव्यांची पाटी जळत राहिली पाहिजे. जळली तर तिची संस्थेतली जागा टिकेल. नाही जळली तर संपलं. दोनदा मुदत वाढवून झालीय, तिसऱ्यांदा मिळणार नाही. आणि या दोन खोल्या संस्थेच्याच, तेव्हा त्याही जातील. मग ती कुठल्याशा लांबच्या गावी दुधाच्या कारखान्यात नोकरी धरणार आणि मी थोरल्याकडे. थोरला म्हणजे माझा मोठा मुलगा, भिंगरीचा काका. त्याच्या घरात सगळं पांढरं आहे, चहाचा कप ठेवायचा तर आधी जागा विचारावी लागते.

पण तसं काही होणार नाही. माझी पोर हुशार आहे.

बुधवार, ५ तारीख

आज मांडणीचं नीट लिहून ठेवते, पुढेमागे कोणी विचारलं तर.

मागच्या खोलीत लोखंडी मांडणी आहे. तीन फळ्या, फळीवर चार-चार बरण्या. मुरंब्याला वापरतो तशाच काचेच्या, पण झाकणातून तारा निघतात. आत गढूळ पाणी आणि त्यात काळं कापड, कोळशाचं असतं म्हणे, लोकरीसारखं मऊ. त्या कापडावर जंतू घर करून बसतात. खालच्या कँटीनमधून खरकट्याची बादली येते, भिंगरी ते मिक्सरमधून गुळगुळीत काढते, त्याला आम्ही रगडा म्हणतो, आणि एक दिवसाआड सकाळी प्रत्येक बरणीला मोजून एक चमचा. जंतू ते खातात आणि खाता खाता वीज सोडतात. मी म्हटलं, म्हणजे ढेकर देतात. ती म्हणाली, तसंच समज. तेव्हापासून आमच्या घरी मीटरवर आकडा वर गेला की मी म्हणते, ढेकर दिली गं पोरींनी.

सगळ्या बरण्या एकमेकींना तारांनी बांधलेल्या आहेत. रांगेतली एक दमली की सगळी रांग ढेपाळते. एकत्र कुटुंबात सून आजारी पडली की होतं तसंच.

मला ताकीद आहे, तारांना हात लावायचा नाही. मी कशाला लावू? तिचे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांच्या टेबलाजवळ मी चाळीस वर्षं श्वाससुद्धा जपून घेतला. मला शिकवू नये.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. मागच्या खेपेला, आम्ही लग्नाला गेलो होतो तेव्हा, बरण्यांना आठवडाभर खायला मिळालं नाही. परत येऊन पाहतो तो सगळं थंड. भिंगरी त्या दिवशी बरणी पोटाशी धरून म्हणाली होती, आजी, उपाशी मेली गं बिचारी. ते शब्द माझ्या कानात आहेत.

पोर नीट जेवत नाहीय. आज ताटात अर्धा भात तसाच.

शनिवार, ८ तारीख

काल पाटी पहिल्यांदा सबंध दुपार जळली. मी खोलीत खुर्ची टाकून बसले होते, भाजी निवडायची सोडून. भिंगरीला आनंद व्हायला हवा होता, पण ती म्हणाली, अजून कमी आहे, मॅडमसमोर एवढ्यावर भागणार नाही. आणि पुन्हा ताट तसंच ठेवून उठली.

मी ते ताट घेऊन स्वयंपाकघरात निघाले होते. मऊ भात, दूध घातलेला, बटाटा कुस्करलेला. इतकं चांगलं अन्न. आणि वाटेत मागची खोली. माझ्या मनात आलं, चमचाभर रगड्यावर या पोरी दोन-दोन दिवस काढतात, तोही लोकांच्या उष्ट्याचा, तेलकट, तिखट. आणि वरून त्यांनी जास्त काम करावं ही अपेक्षा. कामाच्या माणसाला पोटभर नको का?

झाकणाला एक बूच आहे, खायला घालायचं. बूच काढून थोडं थोडं बोटानं सारलं. तारांना बोटही लागू दिलं नाही. खालच्या दोन्ही फळ्यांवरच्या आठही जणींना दिलं. वरच्या फळीपर्यंत माझा हात पोचत नाही, खांदा दुखतो. त्यांचं मला वाईट वाटलं. पण सगळ्यांना सगळं कुठे मिळतं.

भिंगरीला सांगितलं नाही. पाटी जोरात जळायला लागली की मग सांगेन, तोंड बघण्यासारखं होईल.

मंगळवार, ११ तारीख

आता रोजचा शिरस्ता झालाय. ती संस्थेत गेली की मी मंडळींची पंगत वाढते. आज तर पावही होता, दुधात भिजवून दिला. काय आवडीनं खातात! पाण्यात बारीक बुडबुडे येतात, बघत बसावं.

मीटर मात्र उतरलंय. भिंगरी सकाळपासून कपाळाला हात लावून बसली होती. खोलीत आंबूस वास येतो, नासक्या दुधासारखा. ती म्हणाली, आजी, वास येतोय ना? मी म्हटलं, येणारच, खातापितात त्यांच्या अंगाला वास येतो, तुझ्या अंगाला येत नाही कारण तू खातच नाहीस. ती हसली नाही.

आज तिनं सगळ्या ताटातले दोनच घास खाल्ले. उरलेलं बरंच होतं. वाया नाही गेलं, एवढं समाधान.

शुक्रवार, १४ तारीख

नवीनच काहीतरी निघालंय. तिनं एकेक बरणी सुटी करून मोजली. वरच्या फळीवरच्या चारही ठणठणीत, खालच्या आठ मलूल. बरण्या सारख्या, कापड सारखं, रगडा एकाच बादलीतला, चमचा एकच. मग वर काय आहे जे खाली नाही? सकाळभर खोलीत येरझाऱ्या घातल्या पोरीनं, स्वतःशी बोलत. भिंगरी हे नाव ठेवलं त्याचा मला पश्चात्ताप झाला.

शेवटी म्हणाली, ऊब! गरम हवा वर जाते, खाली फरशीचा गारवा. मलाही पटलं. माझेही पाय गार पडतात आणि डोकं गरम असतं. मग आम्ही दोघींनी खालच्या बरण्यांना माझी शाल, तिचा स्वेटर, जुनी चादर, सगळं गुंडाळलं. तान्ही बाळं झोपवल्यासारखी दिसत होती. आणि पारख करायला तिनं वरच्या चार ठणठणीत बरण्या खालच्या फळीवर आणल्या, आणि खालच्या चार मलूल वर ठेवल्या. बघू काय होतं ते, म्हणाली.

मला तर बरंच झालं. त्या चौघी इतके दिवस उपाशी होत्या, आता हाताशी आल्या. त्यांना आज थोडं जास्तच दिलं, मागची भरपाई.

रविवार, १६ तारीख

खाली आणलेल्या चारही पडल्या. भिंगरी फरशीवर बसून राहिली. जेवायला उठलीच नाही.

तिचं सगळं ताट त्यांना.

बुधवार, १९ तारीख

आज फार वाईट झालं.

भिंगरीकडे रंगाच्या पट्ट्या आहेत, पाण्यात बुडवल्या की रंग बदलतो आणि आंबटपणा कळतो. तिनं बुडवली तर लालबुंद. मी विचारलं, याचा अर्थ काय? म्हणाली, जास्त खाल्ल्यावर पोटात आम्ल होतं ना, तसं झालंय. इतकं आंबट की वीजवाले जंतू गुदमरतात आणि भलतेच माजतात. पण आजी, मी तर चमचा मोजून घालते. चमचा खोटं बोलेल का?

माझ्या मनात क्षणभर चमकून गेलं, लिहायला हरकत नाही. पण मी घालते ते घरचं, ताजं, तिखट नाही की तेल नाही. माझ्या हातचं खाऊन आजवर कोणाचं पोट बिघडलेलं नाही. थोरल्याला तापात मी हेच भरवायचे.

भिंगरीनं मग दोन आणि दोन पाच केले. रगडा कँटीनचा, म्हणजे खोट कँटीनमध्ये. आमच्याखाली कँटीन चालवतो त्याला मी तोंडावर भाऊ म्हणते आणि पाठीमागे मिशाळ, मिशा इतक्या की चहा गाळूनच आत जात असेल. भिंगरी तरातरा खाली गेली, मी मागोमाग, जिना धरत धरत. भर गर्दीत तिनं त्याला विचारलं की बादलीत लोणच्याचं पाणी, व्हिनेगर, भांडी घासायचं औषध, काय काय ओतता तुम्ही? तो आधी हसला. मग तिनं पट्टी नाचवली आणि म्हणाली की तुमच्यामुळे माझी तीन वर्षं मातीत चाललीत.

मिशाळाचं तोंड उतरलं. त्यानं हात पुसले, आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, तुमच्या बादलीला मी वेगळा माणूस ठेवलाय. इथं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, माझ्या खरकट्यावर वर दिवे लागतात म्हणून. उद्यापासून बादली नेऊ नका."

वर येताना भिंगरीचा श्वास लागला होता. मी म्हटलं, रागाचं मनावर घेऊ नये, माणूस चांगला आहे. ती म्हणाली, आजी, गप्प बस जरा. असं ती मला कधी म्हणत नाही.

शुक्रवार, २१ तारीख

थोरल्याचा फोन. मॅडम यायच्या आधीच त्यानं माझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवलीय. भिंतीकडे तोंड करून टीव्ही, खिडकी नाही, पण पंखा नवीन, असं म्हणाला. मी म्हटलं, बाबा, इतकी घाई का? तो म्हणाला, भिंगरीनंच काल फोन करून विचारलं, आजीला ठेवून घ्याल का म्हणून.

मला तिनं सांगितलं नव्हतं.

मी तिच्यापाशी गेले. ती बरण्यांसमोर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. कँटीनची बादली बंद, म्हणून दोन दिवस बरण्यांना नुसतं साखरपाणी घालते, तेही थेंबथेंब, आणि तरी आंबट वाढतंच आहे. तिला काही म्हणजे काही उमगत नाही. म्हणाली, माझ्या डोक्यातच काहीतरी चुकीचं आहे आजी. इतरांना जमतं ते मला जमत नाही. मी जे धरते ते मरतं.

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. केस किती विरळ झालेत. मग ताट वाढून आणलं. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ताट गार झालं. मी एकटीच बघत बसले, कधी तिच्याकडे, कधी बरण्यांकडे. दोघींकडचे दिवे विझलेले.

ताट मग नेहमीच्या ठिकाणी.

सोमवार, २४ तारीख

आज अक्षर वाईट येतंय.

दुपारी मी चहा टाकला होता. मागच्या खोलीतून भिंगरीची हाक आली, मोठी नाही, उलट फारच हळू. गेले तर तिनं एक बरणी उघडली होती, काळं कापड ताटलीत पसरलेलं, आणि हातात चिमटा. चिमट्याच्या टोकाला भाताचं एक शीत. फुगलेलं, पण अख्खं.

ती त्या शिताकडे बघत होती. मग म्हणाली, "आजी, माझा रगडा मिक्सरमधून निघतो. त्यात अख्खं शीत कुठून येईल?"

मी पटकन म्हटलं, अगं, तो परवाचा तुझा भात. ताटात सोडलास ना तो.

बोलून गेले आणि मग ऐकलं मी काय बोलले ते. तिनं चिमटा खाली ठेवला.

"किती दिवस?"

"तू जेवणं टाकलंस तेव्हापासून."

"सगळ्यांना?"

म्हटलं, वरच्या फळीला माझा हात पोचत नाही.

तिनं मांडणीकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. त्या चार बरण्या, शाल, स्वेटर, चादर. मग ती हसायला लागली. मला वाटलं, सुटले. पण ते हसणं थांबेना, आणि थांबलं तेव्हा ती माझ्या मांडीवर होती आणि माझं लुगडं ओलं झालं होतं. ऊब म्हणे, ऊब, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. ज्या चार वाचल्या होत्या त्या मीच तुझ्या हाताशी आणून ठेवल्या गं.

मी विचारलं, म्हणजे मी मारलं का त्यांना? ती उठली आणि ताटलीतलं कापड परत बरणीत घालायला लागली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिचे आजोबा एकदा माझ्यावर ओरडले होते, त्यांच्या टेबलावरचा केर काढला म्हणून. तसं ओरडायला हवं होतं तिनं.

चहा उतू जाऊन शेगडी विझली होती, कोणाला कळलंच नाही.

मंगळवार, २५ तारीख

पोर सकाळीच कामाला लागलीय. तिच्या डोळ्यांत पुन्हा काहीतरी आलंय, भीती वाटावी असं. प्रत्येक बरणीतलं अर्धं आंबट पाणी काढून टाकलं, ताजं घातलं, खाण्याचा सोडा चिमूट-चिमूट. पट्टीचा लाल रंग थोडा पिवळा झाला. म्हणाली, कापडावर अजून काही जगली असतील, पण त्यांना पुन्हा वाढायला वेळ लागतो, आणि वेळच नाही. मी विचारलं, मी काय करू? तिनं मला स्वयंपाकघरात बसवलं. म्हणाली, काही करू नकोस. हे काम मला जन्मात आलेलं नाही.

संध्याकाळी ती खाली मिशाळाची माफी मागायला गेली. परत आली ती सरळ मागच्या खोलीत शिरली. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं, म्हणाला, ठीक आहे ताई. बादली मात्र दिली नाही. माणूस दुखावला की दुखावला.

आज रात्री तिनं सगळं ताट संपवलं. माझ्याकडे बघत बघत, एकेक घास, औषध घेतल्यासारखं. माझ्यासमोर काही उरू नये म्हणून जेवली ती. मला ते बघवेना.

गुरुवार, २७ तारीख

चार बरण्यांचा आकडा हलला. पाटीवर दोन दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. भिंगरी म्हणाली, अजून आठवडा मिळाला असता तर. मी दिवसभर मागच्या खोलीकडे फिरकले नाही. हात मांडीखाली घेऊन बसले होते, शपथ.

शुक्रवार, २८ तारीख

मॅडम आल्या. मला वाटलं होतं कोणीतरी मोठ्या, चष्म्यातून बघणाऱ्या असतील. बाई माझ्या सुनेच्या वयाची, पायात साध्या चपला, आल्या आल्या पाणी मागितलं. मला बरं वाटलं. म्हटलं, ही समजून घेईल.

बरण्यांना विसावा मिळावा म्हणून रात्रभर सोडून ठेवलेली तार भिंगरीनं जोडली. पाटी लागली. सगळे दिवे. मी मनात म्हटलं, पोरींनो, आता आईचं नाव राखा. मॅडम वाकून बघत होत्या, प्रश्न विचारत होत्या, भिंगरी उत्तरं देत होती, आवाज कसा खणखणीत. मग खालच्या बाजूचे दिवे मंदावले. मग मधले. मॅडमचा पाण्याचा पेला अजून हातातच होता आणि पाटी काळी झाली.

 खाली कँटीनमध्ये कोणीतरी ताटं रचत होतं, तो आवाज तेवढा.

मॅडमनी विचारलं, काय झालं असावं? भिंगरीनं माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, माझी चूक, मापात गफलत झाली, बरण्या आंबट पडल्या. मॅडम म्हणाल्या, तीन वर्षं झाल्यावर मापात? आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मला राहवेना. मी पुढे झाले आणि सगळं सांगितलं. भात, दूध, पाव, बटाटा. वरची फळी. पोरीचं उरलेलं ताट. तिची काही म्हणजे काही चूक नाही बाई, जे केलं ते या म्हातारीनं केलं, तिला एक महिना द्या, मी थोरल्याकडे जाऊन राहते, घरात पाऊल ठेवणार नाही.

मॅडमनी माझं सगळं ऐकलं. माझा हात हातात घेतला. मग भिंगरीकडे वळून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हे साध्या घरात चालतं, असं तू लिहिलं होतंस. घर म्हटलं की आजी आलीच."

भिंगरी म्हणाली, हो मॅडम.

एवढंच. मी पुष्कळ विचार केला, त्या वाक्यात वाईट काय होतं ते. वाईट काही नव्हतंच. दारापर्यंत पोचवताना मॅडम मला म्हणाल्या, आजी, काळजी घ्या. मला वाटतं त्या नक्की मुदत देतील. हात किती मायेनं धरला होता.

सोमवार, ३१ तारीख

पत्र आलं. मुदत नाही. खोल्या सोडायच्या.

बुधवार, २ तारीख

बरण्या रिकाम्या केल्या. मी भिंगरीला म्हटलं, मला धुऊ दे, एवढं तरी. ती नको म्हणाली, मग थोड्या वेळानं माझ्या हातात घासणी दिली. दोघी मोरीवर बसलो. मी काळं कापड चोळायला घेतलं, त्यावर तपकिरी बुळबुळीत थर होता, निघता निघेना. तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "इतकं नको घासू. यातली काही जिवंत आहेत अजून."

म्हणून मग आम्ही ते कापड पिळलं नाही की वाळवलं नाही, तसंच टोपलीत टाकलं. संस्थेचा माणूस आला आणि मांडणीबरोबर टोपलीही घेऊन गेला. कुठे टाकणार विचारलं तर म्हणाला, मला काय माहीत आजी.

मागची खोली किती मोठी आहे ते आज कळलं. बोललं की घुमतं.

शुक्रवार, ४ तारीख

भिंगरी गेली. दुधाच्या कारखान्यात तिला दूध नासलंय की नाही ते बघायचं काम आहे. म्हणाली, पट्टीच बुडवायची आहे आजी, तीच पट्टी. मी म्हटलं, छान झालं, येतंच तुला ते. आता वाटतं, असं म्हणायला नको होतं.

बस लागली होती आणि ती खिडकीशी बसली होती. मी खालून म्हटलं, माझ्यावर राग नाही ना? ती म्हणाली, नाही गं. आणि मग, बस सुटता सुटता, "आजी, मला राग यायला हवा होता. येतच नाही, हेच कठीण जातंय." माझ्या काही नीट ध्यानात आलं नाही. राग नाही म्हणाली, मी तेवढं धरून ठेवलंय.

मिशाळ कँटीनच्या दारात उभा होता. मला हात देऊन जिन्यापर्यंत आणलं त्यानं. मी वर चढायला लागले तेव्हा म्हणाला, आई, काही लागलं तर हाक मारा.

शनिवार, ५ तारीख

थोरला उद्या येणार न्यायला. सामान बांधून झालं. भांडी दोन-चारच बाहेर ठेवली होती.

आज दुपारी सवयीनं भात दोघींचा टाकला. दोन ताटंही घेतली. वाढून झाल्यावर लक्षात आलं. माझं जेवण झालं, तिचं ताट तसंच समोर. मऊ भात, दूध, बटाटा. ते उचललं आणि पाय आपोआप मागच्या खोलीकडे वळले. तिथं काय, भिंतीवर मांडणीच्या गंजाचे डाग. ताट हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. टाकवेना. ठेवून कोणासाठी ठेवायचं?

परत येऊन पाटावर बसले आणि तिचं ताट जेवले. पोट कधीच भरलं होतं. पाणी पिऊन पिऊन एकेक घास खाली ढकलला, गळ्याशी आलं तरी उठले नाही. शेवटचं शीतही बोटानं टिपून खाल्लं.

आता छातीत आंबट आंबट होतंय, आणि बोलायला कोणी नाही.